भेंडीच्या डब्यातलं संगीत

कोलोनच्या 'कॅन' या बँडच्या एका रेकॉर्डच्या कव्हरवर चक्क भेंडीच्या भाजीचा डबा आहे! १९७२ सालच्या या अल्बमचं नाव 'एगे बामयासी', तुर्की भाषेत 'एजियन भेंडी'. २००४ साली मी मास्टर्स करायला जर्मनीत आलो तेव्हा होस्टेलमधल्या शेजाऱ्याच्या शेल्फवर हा डबा दिसला आणि भेंडीच्या आठवणीने व्याकूळ होऊन मी ती सीडी मागून आणली. (तुर्की दुकानात भेंडी मिळते हे ज्ञान अजून व्हायचं होतं.)

पहिल्यांदा ऐकताना वाटलं, अरे, गाणं सुरू कधी होणार? आपल्या कानांना मैफलीची सवय. मुख्य कलाकार एक, बाकीचे साथीला. उपज त्याची, ठेका दुसऱ्याचा. इथे मुख्य कलाकारच नाही! १९६८ साली जमलेल्या या मंडळींपैकी इर्मिन श्मिट आणि होल्गर चुकाय हे दोघं श्टॉकहाउझनचे विद्यार्थी, ड्रमर याकी लीबेत्साइट फ्री जॅझमधून आलेला, तर गिटारवाला मिखाएल करोली चुकायचाच शिष्य. एवढं शिकलेल्या लोकांनी आपली विद्या मिरवायची नाही असं जणू ठरवलेलं दिसतं.

'टागो मागो' (१९७१) मधलं 'हालेलुवा' ऐका. साडेअठरा मिनिटं! लीबेत्साइटचा ठेका इतका पक्का की आपल्याला वाटावं, हे यंत्र आहे. पण लक्ष दिलंत तर कळतं की तो दर आवर्तनात कुठेतरी किंचित हलतो. बाकीचे त्याच्याभोवती येतात, दोन सूर टाकतात आणि बाजूला होतात. तबल्याचा ठेका ज्यांनी मन लावून ऐकला आहे, त्यांना हे संगीत रॉकच्या चाहत्यांपेक्षाही लवकर कळेल, असं माझं मत आहे.

पण मग ही खरी उत्स्फूर्तता का? कारण हे लोक तासन्‌तास वाजवत, आणि नंतर चुकाय टेप कापून, जोडून त्यातून गाणं तयार करी. आमच्याकडचे शुद्धतावादी म्हणतील, ही तर फसवणूक! मला तसं वाटत नाही. वाजवताना सुचणं जितकं महत्त्वाचं, तितकंच काय टाकून द्यायचं ते कळणंही. आणि जिथे कात्री कमी पडली तिथे ते जाणवतंच. त्याच अल्बममधलं 'आउम्गन' घ्या. सतराहून अधिक मिनिटं, ओंकारासारखा लांबवलेला हुंकार. पहिली पाच मिनिटं भारून टाकतात, नंतर मी घड्याळ बघतो.

माझा जीव मात्र जडला तो गायकावर. दामो सुझुकी हा जपानी तरुण १९७० साली म्युनिकच्या रस्त्यावर चुकाय आणि लीबेत्साइटला दिसला आणि तालीम वगैरे काही न करता त्याच रात्री त्यांच्याबरोबर स्टेजवर गायला. त्याच्या गाण्यात इंग्रजी, जपानी आणि नुसते ध्वनी असे मिसळतात की शब्द कुठे संपला ते कळू नये. मी तेव्हा सरकारी ऑफिसच्या काउंटरवर पाठ केलेली जर्मन वाक्यं म्हणत असे, आणि समोरून अनपेक्षित प्रश्न आला की ततपप! माझी मोडकी भाषा मला लाज आणायची. हा माणूस तसल्याच भाषेत बिनदिक्कत गात होता, आणि चार जर्मन त्याला ताल देत होते. १९७३ साली तो बँड सोडून गेला. नंतरचा 'कॅन' मला सफाईदार वाटतो, पण कोरडा. २०२४ साली सुझुकी गेला तेव्हा मी ती जुनी सीडी पुन्हा काढली.

तुम्हाला ऐकायचं असेल तर 'टागो मागो'ने सुरुवात करू नका, घरचे ओरडतील. 'एगे बामयासी'तलं 'व्हिटॅमिन सी' लावा. साडेतीन मिनिटांचंच आहे. आमच्या गाडीत ते लागलं की मागच्या सीटवरची धाकटी अजूनही विचारते, "बाबा, हे काका कुठल्या भाषेत गातायत?"