पृच्छेची मांडणी आणि अर्थाची विश्वासार्हता : एक चिकित्सा

प्रस्तावना

ई. एफ. कॉड यांनी १९७० साली विदेचे संबंधात्मक प्रतिमान मांडले. त्यावर आधारित पृच्छाभाषा डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये आयबीएममधून सादर केली. आज ‘एसक्यूएल’ या नावाने परिचित असलेली ही भाषा गणिताचे वा संगणकाचे विशेष शिक्षण नसलेल्या व्यक्तीसही वाचता यावी, अशी तिच्या कर्त्यांची अपेक्षा होती. अध्यापनात मात्र वाचनीयतेचा विचार बहुधा सुबक मांडणीपाशीच थांबतो. प्रस्तुत लेखात या मांडणीच्या मर्यादांची चिकित्सा करावयाची आहे.

रूढ संकेत व त्यांची मर्यादा

‘सिलेक्ट’, ‘फ्रॉम’, ‘व्हेअर’ हे राखीव शब्द मोठ्या रोमन अक्षरांत लिहावेत, प्रत्येक उपवाक्य नव्या ओळीवर घ्यावे, दुय्यम अटी आत सरकवाव्यात, हे संकेत सर्वपरिचित आहेत. जो सेल्को यांनी तर २००५ साली ‘एसक्यूएल प्रोग्रॅमिंग स्टाइल’ हा स्वतंत्र ग्रंथच लेखनशैलीला वाहिला. या संकेतांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. सलग लिहिलेली दीर्घ पृच्छा तपासणे अनुभवी अध्यापकासही कष्टाचे जाते. तथापि ओळी, शब्दांमधील मोकळी जागा आणि राखीव शब्दांच्या अक्षरांचा आकार यांपैकी कशाचीही संगणक दखल घेत नाही. मांडणी केवळ वाचकाशी बोलते; ती खरे बोलते की नाही, हे यंत्र तपासत नाही.

एक उदाहरण

कला व वाणिज्य शाखांतील, एक लाखाहून कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांची शुल्कसवलतीसाठी यादी हवी आहे, असे समजू. राखीव शब्द येथे देवनागरीत दिले आहेत.

सिलेक्ट नाव
फ्रॉम विद्यार्थी
व्हेअर शाखा = 'कला'
    ऑर शाखा = 'वाणिज्य'
अँड उत्पन्न < १०००००

मांडणी पाहता दोन्ही शाखांचा एक गट असून उत्पन्नाची अट त्या संपूर्ण गटास लागू आहे, असेच कोणीही म्हणेल. परंतु या भाषेत ‘अँड’चा अन्वय ‘ऑर’च्या आधी लागतो. परिणामी उत्पन्नाची अट फक्त वाणिज्य शाखेस लागते आणि कला शाखेतील सर्व विद्यार्थी, उत्पन्न कितीही असले तरी, यादीत येतात. संगणक चूक दाखवीत नाही. सरावाच्या दहा नोंदींत कला शाखेचे सर्व विद्यार्थी अल्प उत्पन्नाचे असतील, तर उत्तरही बरोबर येते. अशा वेळी नीटनेटकी मांडणी दोष झाकते. हीच पृच्छा एका ओळीत लिहिली असती, तर वाचक कदाचित अडखळला असता.

विश्वसनीय खुणा

म्हणून यंत्र व वाचक या दोघांनाही बंधनकारक असणाऱ्या खुणांना प्राधान्य द्यावयास हवे. वरील पृच्छेत दोन्ही शाखांच्या अटींभोवती कंस घातल्यास, किंवा ‘शाखा इन ('कला', 'वाणिज्य')’ असे लिहिल्यास, मांडणी बिघडली तरी अर्थ बिघडत नाही. प्रमाणभाषेचा विकासही याच दिशेने झालेला दिसतो. १९९२ च्या प्रमाणाने ‘जॉइन’ व ‘ऑन’ यांद्वारे तक्ते जोडण्याच्या अटी निवडीच्या अटींपासून वेगळ्या लिहिण्याची सोय केली. १९९९ च्या प्रमाणाने ‘विथ’ उपवाक्याद्वारे गुंतागुंतीच्या पृच्छेचे टप्पे पाडून त्यांना नावे देण्याची मुभा दिली. ओळींची मांडणी या रचनेच्या मागोमाग यावी. तिची जागा घेऊ नये.

समारोप

प्रात्यक्षिक परीक्षेत आलेले उत्तर पाहून गुण दिले, तर वरील विद्यार्थी पूर्ण गुण मिळवील आणि पुढे एखाद्या कार्यालयात तशीच यादी तयार करील. तेथे सवलतीचा निधी मर्यादित असल्यास चुकीने समाविष्ट झालेल्या प्रत्येक नावामागे एक पात्र विद्यार्थी वंचित राहू शकतो. यास्तव विद्यार्थ्याकडून पृच्छेचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावा आणि अट मोडणाऱ्या नोंदी मुद्दाम घालून ती तपासावी. मांडणीचे गुण त्यानंतर द्यावेत.