गीत कोणाचे? ‘कंदिसा’च्या निमित्ताने

गीताखाली कवीचे एक आणि संगीतकाराचे एक, अशी दोन नावे छापली की श्रेयाचा हिशेब पुरा झाला, असे आपण मानतो. गडचिरोलीच्या वनप्रदेशातील रेला-गीतांना हा हिशेब लागू पडत नाही. नाचणाऱ्यांतील एक जण ओळ उचलतो, इतर ती झेलतात. ‘रेला’चे पालुपद घोळत असताना पुढच्या ओळीला उसंत मिळते. अशा गीताचा कर्ता कोण म्हणावा?

हाच प्रश्न आज रॉक बँडच्या संगीतातही उभा राहतो. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या १९९० सालच्या बँडचा ‘कंदिसा’ हा ध्वनिसंग्रह २००० साली निघाला. सुस्मित सेन यांची गिटार, असीम चक्रवर्ती यांचा तबला, राहुल राम यांची बेस गिटार आणि अमित किलम यांचे ड्रम, अशा चौघांच्या एकत्र वादनातून ही गीते आकारास आली. पुढे २०१० सालच्या संग्रहाला त्यांनी सरावाच्या घराचा पत्ताच नाव म्हणून दिला, ‘१६/३३० खजूर रोड’. जणू त्या घरालाही श्रेयाचा वाटा मिळाला!

‘कंदिसा’चे शब्द मात्र त्यांचे नव्हेत. केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतील ती अरामी प्रार्थना. देवाचे पावित्र्य ती तीनदा घोषित करते. १९७७ साली धर्मप्रांत झालेल्या चांद्याच्या सिरो-मलबार उपासनेत हीच त्रिवार स्तुती असल्याने आमच्या वाचकांना ती परकी नाही. मग या चौघांनी नवे काय केले? आमच्या मते, त्यांनी एकमेकांना जागा दिली. गीत हळुवार सुरू होते व भरत जाते. एकही वाद्य दुसऱ्यावर कुरघोडी करीत नाही. उणीव एवढीच की, अर्थ न जाणणाऱ्या श्रोत्याला पवित्र शब्द केवळ गोड नाद वाटण्याचा संभव राहतो.

२००९ च्या नाताळच्या दिवशी असीम चक्रवर्ती निवर्तले. २०१३ मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले. तरीही बँड गात राहिला. अनेकांनी मिळून घडविलेले गीत एकाच्या जाण्याने संपत नाही. त्याची रिकामी जागा मात्र ऐकणाऱ्यास जाणवत राहते.

आमच्या धर्मग्रामांतील तरुण गायनवृंदांनी हे मनावर घ्यावे. चाल एकाने बांधायची व इतरांनी निमूटपणे गिरवायची, ही रीत सोपी खरी. पण ती चाल बांधणारा नोकरीसाठी नागपूर-पुण्यास गेला की गायनवृंदच मुका होतो. ढोलकी वाजविणाऱ्यालाही ‘येथे थोडे थांबू या’ असे म्हणता यावे, आणि त्याचे म्हणणे ऐकले जावे. रेलाच्या फेरात हे शहाणपण पूर्वापार नांदते आहे. ते शिकण्यास दिल्लीपर्यंत जाण्याचे कारण नाही.