भाजलेल्या जखमांवरील चांदीयुक्त ड्रेसिंग : दावे आणि पुरावे यांची चिकित्सा

प्रस्तावना

भाजलेल्या जखमांच्या उपचारात चांदीने गेल्या सहा दशकांत अढळ स्थान मिळविले आहे. १९६५ मध्ये कार्ल मॉयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णांसाठी ०.५ टक्के सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचा वापर प्रसिद्ध केला. १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझीन पुढे आणले आणि त्याचे १ टक्का तीव्रतेचे पांढरे मलम जगभरच्या रुग्णालयांत रूढ झाले. १९९० च्या दशकात चांदीच्या अतिसूक्ष्म स्फटिकांचा थर दिलेली ड्रेसिंग उपलब्ध झाली. या वाटचालीत दाव्यांचे स्वरूपही पालटत गेले. प्रारंभी चांदी जंतुसंसर्ग रोखते एवढेच म्हटले जात होते. पुढे तिच्यामुळे जखम लवकर भरते असे सांगितले जाऊ लागले आणि त्यानंतर व्रण कमी राहतो, हा तिसरा दावा त्यास जोडला गेला. हे तीन दावे परस्परांहून भिन्न असून प्रत्येकासाठी स्वतंत्र पुरावा आवश्यक ठरतो. प्रस्तुत लेखात या पुराव्यांची चिकित्सा केली आहे.

चांदीचे कार्य व त्याची दुसरी बाजू

चांदीचे आयन जंतूंच्या प्रथिनांतील गंधकयुक्त गटांशी बांधले जातात, श्वसनास आवश्यक विकरे निकामी करतात आणि पेशीच्या आवरणास इजा पोहोचवितात. मात्र हे आयन जंतुपेशी आणि मानवी पेशी यांत काटेकोर भेद करीत नाहीत. नवी त्वचा निर्माण करणाऱ्या पेशींनाही चांदी घातक ठरू शकते, हे प्रयोगशाळेतील अभ्यासांतून दिसून आले आहे. जखमेच्या स्रावातील क्लोराइड व प्रथिने मुक्त चांदीस बांधून तिचा प्रभाव घटवितात, ही आणखी एक मर्यादा होय. शिवाय जंतू चांदीलाही दाद देईनासे होऊ शकतात. १९७० च्या दशकात अमेरिकेतील एका भाजलेल्या रुग्णांच्या विभागात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारे साल्मोनेला जंतू आढळले होते. तेव्हा चांदी जंतुनाशक आहे एवढ्यावरून ती जखम भरून येण्यास साहाय्यक आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

पुराव्यांचे परीक्षण

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात २६ चाचण्या व २०६६ रुग्ण यांचा विचार करण्यात आला. चांदीमुळे संसर्ग टळतो किंवा जखम लवकर भरते, असे ठरविण्यास पुरावा अपुरा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१३ च्या आढाव्यात वरवरच्या व मध्यम खोलीच्या भाजण्यावरील ड्रेसिंगच्या ३० चाचण्या तपासण्यात आल्या. त्यात सिल्व्हर सल्फाडायझीनची कामगिरी जैवकृत्रिम, सिलिकॉनयुक्त आणि चांदीयुक्त ड्रेसिंगच्या तुलनेत सातत्याने उणी ठरली.

वरकरणी हा दुसरा निष्कर्ष नव्या चांदीयुक्त ड्रेसिंगच्या बाजूचा वाटतो. परंतु येथेच या संशोधनातील कळीचा दोष आढळतो. तुलनेसाठी निवडलेले मलमच जखम भरण्यास विलंब लावीत असेल, तर त्यावर मात करणे हा चांदीच्या गुणाचा पुरावा ठरत नाही. हे मलम दिवसातून एक-दोन वेळा पुसून पुन्हा लावावे लागते. त्यात रुग्णास वेदना होतात आणि नव्याने येणारी नाजूक त्वचाही दुखावते. नवी ड्रेसिंग अनेक दिवस बदलावी लागत नाहीत व जखमेत ओलावा टिकवितात. मग श्रेय चांदीचे की ड्रेसिंगच्या रचनेचे? याचा उलगडा एकाच प्रकारचे ड्रेसिंग चांदीसह व चांदीविना वापरून केलेल्या चाचणीतूनच होऊ शकतो.

हाच निकष महाराष्ट्रातील संशोधनासही लावावयास हवा. सोलापूर येथील एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये १०४ रुग्णांवर मध व सिल्व्हर सल्फाडायझीन यांची तुलना प्रसिद्ध केली. मधाने ७ दिवसांत ९१ टक्के जखमा जंतुविरहित झाल्या, तर मलमाने केवळ ७ टक्के. २०१७ मध्ये ५६ चाचण्यांच्या कॉक्रेन आढाव्यानेही या मलमापेक्षा मधाने जखम बहुधा लवकर भरते, असे नोंदविले. तरीही येथेही प्रतिस्पर्धी तेच मलम आहे. शिवाय मध व मलम यांतील फरक उघड दिसत असल्याने अशा चाचणीत उपचार करणाऱ्यापासून तो लपविता येत नाही. जी कसोटी महागड्या आयात वस्तूस, तीच घरच्या मधास लावणे न्याय्य ठरेल.

व्रणाचा प्रश्न

व्रण कमी होण्याचा दावा सर्वांत दुर्बळ पायावर उभा आहे. व्रणाचे स्वरूप मुख्यतः भाजण्याची खोली आणि जखम भरण्यास लागलेला काळ यांवर अवलंबून असते. १९८३ मध्ये डाइच व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४ ते २१ दिवसांत भरलेल्या जखमांपैकी सुमारे एक-तृतीयांश ठिकाणी जाड, उंचावलेला व्रण आला. २१ दिवसांनंतर भरलेल्या जखमांत हे प्रमाण ७८ टक्के होते. म्हणजे चांदीचा व्रणावर काही परिणाम असलाच, तर तो जखम लवकर भरण्याच्या मार्गानेच संभवतो आणि तीच पायरी अद्याप निर्विवादपणे सिद्ध झालेली नाही. व्रण परिपक्व होण्यास वर्ष वा त्याहून अधिक काळ लागतो. उलट बऱ्याचशा चाचण्या जखम भरताच संपतात. व्रणाची लवचीकता, उंची, रंग व रक्तपुरवठा मोजणारी व्हँकुव्हर मापनश्रेणी १९९० पासून उपलब्ध असताना तिचा दीर्घकालीन वापर झाल्याविना असा दावा करणे अशास्त्रीय होय.

खोल भाजण्याच्या बाबतीत तर कोणतेही ड्रेसिंग शस्त्रक्रियेस पर्याय नाही. झोरा यांझेकोविच यांनी १९७० मध्ये मांडलेली पद्धती, म्हणजे मृत त्वचा लवकर छाटून त्यावर त्वचारोपण करणे, ही या क्षेत्रातील निर्णायक प्रगती मानली जाते.

समारोप

वरील विवेचनावरून चांदी त्याज्य ठरत नाही. संसर्गाचा धोका अधिक असलेल्या जखमेत, मर्यादित काळ व तज्ज्ञाच्या देखरेखीखाली तिचा वापर समर्थनीय आहे. मात्र प्रत्येक भाजलेल्या जखमेवर सवयीने पांढरे मलम लावीत राहणे, अथवा व्रण राहणार नाही या आश्वासनावर महागडे ड्रेसिंग खपविणे, या दोन्ही प्रथांना उपलब्ध पुरावा पाठबळ देत नाही. या प्रश्नास सामाजिक बाजूही आहे. स्वयंपाकघरात भाजलेल्या स्त्रीच्या कुटुंबाने आपली पुंजी ड्रेसिंगवर खर्च केली आणि त्यानंतर दाबपट्टा, स्प्लिंट व व्यायामोपचार यांसाठी काहीच उरले नाही, तर जखम भरूनही मान वा बोटे आखडून ती कायमची परावलंबी होऊ शकते. म्हणून भावी संशोधनाने जखम किती दिवसांत भरली याबरोबरच वर्षभरानंतर रुग्ण हात कितपत उचलू शकतो, याचीही नोंद ठेवणे अगत्याचे आहे. उपचाराचे खरे मूल्यमापन तेथेच होते.