दोष गाईचा नाही, मग हिशेबाचा?

'सेक्रेड काऊ' हे डायना रॉजर्स आणि रॉब वुल्फ यांचे पुस्तक अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झाले आणि त्याच नावाचा माहितीपटही निघाला. नावावरून आपल्याकडे गल्लत होण्याचा संभव आहे. जिच्याविषयी प्रश्न विचारायचा नाही अशा समजुतीला इंग्रजीत 'पवित्र गाय' म्हणतात; आपल्याकडच्या वादांशी पुस्तकाचा काही संबंध नाही. 'मांस वाईट' हीच आज अशी पवित्र गाय होऊन बसली आहे, असे लेखकांचे म्हणणे. रॉजर्स आहारतज्ज्ञ आहेत, वुल्फ पूर्वी जीवरसायनशास्त्राचे संशोधक होते. कुरणावर नीट वाढवलेल्या जनावराचे मांस आरोग्य, पर्यावरण आणि नीती या तिन्ही कसोट्यांवर उतरते, असे प्रतिपादन त्यांनी केले आहे.

आरोग्याच्या भागात आम्ही फार रेंगाळणार नाही. ब-१२ जीवनसत्त्व, सहज शोषले जाणारे लोह, प्रथिनांचा दर्जा हे मुद्दे पाठ्यपुस्तकांतही सापडतील. गवतावरच्या आणि धान्यावरच्या जनावराच्या मांसात पोषणदृष्ट्या फारसा फरक नाही, ही आपल्याच बाजूला अडचणीची असलेली गोष्ट लेखक कबूल करतात, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानायला हवे.

खरा वाद पर्यावरणाचा आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातून मिथेन बाहेर पडतो. तो सुमारे बारा वर्षांत हवेतून नाहीसा होतो आणि त्यातला कार्बन मुळात गवतानेच हवेतून घेतलेला असतो. म्हणून कोळशाच्या धुराशी त्याची तुलना करू नये, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे. तळाशी गळणाऱ्या टाकीत नळ एकाच धारेने सोडला, तर काही वेळाने पातळी स्थिर होते. कळपही स्थिर असेल तर मिथेनची पातळी तशीच स्थिर राहील. पण टाकी आधीच किती भरली आहे आणि नळ थोडा बंद केला तर पातळी किती लवकर उतरेल, हे दोन प्रश्न या युक्तिवादात मागे पडतात. मिथेन अल्पायुषी आहे म्हणूनच तो कमी केल्याचा परिणाम लवकर दिसतो. एकाच गुणधर्मातून निघणारे दोन निष्कर्ष. त्यांपैकी सोयीचा तेवढा उचललेला दिसतो.

दुसरा आधार मातीचा. जनावरे एका तुकड्यात दाटीने चारून लगेच पुढे हलवली, तर गवताची मुळे खोल जातात आणि जमिनीत कार्बन साठतो. यासाठी जॉर्जिया राज्यातील 'व्हाइट ओक पाश्चर्स' या फार्मचा दाखला वारंवार पुढे केला जातो. जनरल मिल्स या खाद्यकंपनीने करवून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात तेथील एक किलो गोमांसामागे साडेतीन किलो कार्बन डायऑक्साइड उलट शोषला जातो, असा आकडा आला. तो फार गाजला. पुढच्याच वर्षी त्याच फार्मवरचा शोधनिबंध रीतसर प्रसिद्ध झाला. त्यात डुकरे-कोंबड्यांसह सगळ्या मांसाचा एकत्र हिशेब होता आणि निव्वळ उत्सर्जन उणे नसून किलोमागे सुमारे चार किलो भरले. नेहमीच्या पद्धतीपेक्षा ते दोन-तृतीयांशाने कमी होते आणि ही चांगलीच कामगिरी आहे. मात्र त्यासाठी जमीन अडीच पट लागत होती. ही दुसरी बातमी पहिलीइतकी पसरली नाही.

मोजणीची रीत शिक्षकांनी अवश्य पाहावी. एकाच शेताची माती वीस वर्षे तपासलेली नव्हती. वेगवेगळ्या वर्षी कुरणाखाली आलेल्या शेतांची माती तपासून, त्यांच्यातल्या फरकावरून वीस वर्षांची वाढ काढली होती. पहिली ते दहावीच्या मुलांची उंची एकाच दिवशी मोजून एका मुलाची वाढ ठरवण्यासारखे हे झाले. रीत चुकीची नाही, परंतु सगळी शेते आरंभी सारखी होती, हे त्यात गृहीत धरावे लागते. शिवाय नांगरून नांगरून निकस झालेली जमीन आरंभी झपाट्याने कार्बन घेते आणि काही दशकांनी तिची भूक भागते. जनावरांचा मिथेन मात्र दरवर्षी निघतच राहतो.

आता 'अडीच पट' देशभर लावून पाहा. हायेक आणि गॅरेट या संशोधकांनी २०१८ मध्ये हा हिशेब केला. अमेरिकेतील सर्व गोमांस केवळ गवतावर तयार करायचे, तर जनावरे ७.७ कोटींवरून १० कोटींवर न्यावी लागतील, कारण गवतावरचे जनावर सावकाश आणि कमी वजनाचे वाढते. आणि आज असलेली कुरणे सध्याच्या पुरवठ्याच्या २७ टक्केच भार पेलू शकतील. म्हणजे 'चांगले मांस' याचा अर्थ 'बरेच कमी मांस' असा होतो. ही अट पुस्तकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असायला हवी होती, असे आम्हांला वाटते.

नीतीच्या बाजूचा एक युक्तिवाद वर्गात घेण्याजोगा आहे. शेतीतही नांगराखाली, कापणी यंत्राखाली उंदीर-ससे मरतात; मग शाकाहारी माणसाचे हात स्वच्छ कसे? ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या स्टीव्हन डेव्हिस यांनी २००३ मध्ये पिकाखालील हेक्टरी वर्षाला १५ आणि कुरणाच्या हेक्टरी साडेसात प्राणी मरतात असे धरले आणि कुरणाच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी गॅव्हरिक मॅथेनी यांनी उत्तर दिले, की माणूस हेक्टर खात नाही, अन्न खातो. १००० किलो प्रथिने मिळवायला सोयाबीन-मक्याची एक हेक्टर जमीन पुरते, तर गवतावरच्या गोमांसाला दहा हेक्टर लागतात. आता मुलांना गुणाकार करू द्यावा: एकीकडे १५, दुसरीकडे ७५. आकडे डेव्हिस यांचेच, भाजक तेवढा बदलला.

या लेखकद्वयाने कोणाचे पैसे घेऊन लिहिले, असा आमचा आरोप नाही. प्रश्न वेगळा आहे: त्यांनी रंगवलेल्या हिरव्या कुरणाचा उपयोग कोणाला होतो? अमेरिकेतील बहुतेक गोमांस अखेरीस धान्य चारणाऱ्या प्रचंड गोठ्यांतून येते आणि त्या उद्योगाचा हात लांब आहे. सिनेटर मॅकगव्हर्न यांच्या समितीने जानेवारी १९७७ मध्ये जनतेला मांस कमी खा असे सांगितले. उद्योगाने गिल्ला केल्यावर त्याच वर्षाच्या डिसेंबरातील आवृत्तीत संपृक्त स्निग्धांश कमी होईल असे मांस निवडा, अशी भाषा आली. १९९१ मध्ये कृषी खात्याचा आहाराचा पिरॅमिड पशुपालकांच्या संघटनेने हरकत घेतल्यावर मागे घेतला गेला आणि वर्षभराने बाहेर आला. मॅरियन नेसल यांनी 'फूड पॉलिटिक्स' या २००२ च्या पुस्तकात हा इतिहास कागदपत्रांसह दिला आहे. 'सेक्रेड काऊ' वाचणाऱ्याने तेही शेजारी ठेवावे.

१९८५ च्या कायद्याने तेथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जनावरामागे एक डॉलर सक्तीने घेतला जातो आणि तो गोमांसाच्या प्रचारावर व संशोधनावर खर्च होतो. ही जाहिरात सरकारचेच बोलणे आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला. (जाहिरातीतून आहार ठरवणे आपल्याला अगदीच नवे नाही. रोज अंडी खायला सांगणारी दूरदर्शनवरची जाहिरात पुण्यातील अंडी उत्पादकांच्या समन्वय समितीची होती, हे अनेक वाचकांना आठवत असेल.) याच डॉलरमधून विज्ञान-शिक्षकांसाठी पशुपालन केंद्रांच्या सहली आणि शालेय विज्ञानाच्या अभ्यासक्रमाला जुळवलेले तयार पाठही पुरवले जातात. पाठ नीटनेटके असतात, फुकट असतात. थकलेल्या शिक्षकाने ते का घेऊ नयेत?

पैसा उद्योगाचा म्हणून निष्कर्ष खोटा, असे मात्र मुलांना शिकवू नये. अन्न व कृषी संघटनेने २००६ मध्ये पशुपालनाचा हरितगृह वायूंतील वाटा १८ टक्के सांगितला आणि तो वाहतुकीहून जास्त असल्याचे म्हटले. त्यात जनावरांसाठी चाऱ्यापासून कत्तलीपर्यंतचे सगळे धरले होते आणि वाहतुकीसाठी फक्त वाहनांतला धूर. ही विषम तुलना फ्रँक मिटलोनर यांनी दाखवून दिली आणि अहवालाच्या एका लेखकाने ती मान्य केली. मिटलोनर यांच्या त्या निबंधाला गोमांस-निधीतून मदत होती, आणि त्यांच्या विद्यापीठातील केंद्राचा बहुतेक पैसा पशुउद्योगाचा असल्याचे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०२२ मध्ये उघड केले. तरीही त्यांचा तो मुद्दा बरोबरच होता.

संघटनेचा आकडा पुढे २०१३ मध्ये १४.५ टक्के आणि २०२३ मध्ये १२ टक्के झाला. एवढ्या काळात जगातील जनावरे कमी झालेली नाहीत. मग वाटा का घसरला? छेद कोणता घेतला, मिथेनला किती पट वजन दिले, कोणते वर्ष धरले आणि जंगलतोड कोणाच्या खाती घातली, हे चार रकाने फळ्यावर आखून वरिष्ठ वर्गाला तीन अहवाल शोधायला लावावेत. दोन तास पुरणार नाहीत.