क्रिस्तपुराण आणि मेघांवरील न्यायासन

फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये ते पुण्याहून देवनागरीत आणले. येथे इंदुरात ते मोठ्याने वाचीत असता स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ शब्द आला की श्रोता सहज म्हणतो, ‘हा तर आणखी एक अवतार!’ या उद्गारातील औदार्य आम्हांस मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही.

‘मशीहा’ म्हणजे तैलाभिषेक झालेला. हा मूळचा राजपदाचा शब्द. यशयाच्या ग्रंथात तो सायरस या परकी इराणी सम्राटासही लाविला आहे. देवाने देह धारण करण्याची कल्पना त्या शब्दात नाही. पुढे अँटायोकस राजाने यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले, त्या छळाच्या दिवसांत, इ. स. पू. १६५ च्या सुमारास, दानीएलाच्या ग्रंथास आजचे रूप आले. त्याचा सातवा अध्याय वकिलाने अवश्य वाचावा. आसने मांडली जातात, शुभ्रकेशी पुराणपुरुष बसतो, वह्या उघडतात. हिंस्र पशूंच्या रूपातील साम्राज्यांचा निकाल लागतो आणि मेघांसह येणाऱ्या, मनुष्यपुत्रासारख्या एकाच्या हाती सत्ता दिली जाते. ज्यांना दाद मागावयास भूमीवर न्यायालय उरले नाही, त्यांनी ते आकाशात भरविले! हनोखाच्या नावावरील ग्रंथात हा मनुष्यपुत्र स्वतःच न्यायासनावर बसतो. मार्काच्या शुभवर्तमानात मुख्य याजकापुढे आरोपी म्हणून उभा असलेला येशू हेच चित्र स्वतःस लावितो.

प्रकटीकरणातील श्वेत अश्वावरचा स्वार पाहून कोणास कल्की आठवेल. आठवो, पण कल्कीनंतर कृतयुग फिरून येते, येथे निकाल अखेरचा आणि त्यावर अपील नाही. साम्य हा उसनवारीचा पुरावा नव्हे.

आमचा खरा आक्षेप वेगळा आहे. १५६० मध्ये कुशस्थळीचा मंगेश नदीपार प्रियोळास न्यावा लागला. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली. त्यानंतर बारा वर्षांनी स्टीफन्स गोव्यात आले. जुनी पुराणे बंद झाली, त्यांच्या जागी आम्हांस काही द्या, ही नवख्रिस्ती ब्राह्मणाची मागणी त्यांनी स्वतःच काव्यारंभी नोंदविली आहे. मंदिर भ्रष्ट झालेल्या लोकांनी कल्पिलेला हा न्यायाधीश साष्टीत आला तो देवळे पाडणाऱ्या सत्तेच्या गलबतातून. दानीएलाचे पशू कोण, हे सांगावयास त्या श्रोत्यांना भाष्यकार लागला नसता. स्टीफन्स यांची ओवी मायाळू आहे, मराठीवर त्यांचे प्रेम निःसंशय आहे. परंतु ज्या सत्तेच्या छायेत ती ओवी लिहिली गेली, तिलाच त्या आकाशातील न्यायालयापुढे उभे करणे त्यांना शक्य नव्हते.