राखमग्न

ग्रॅनाडा टेलिव्हिजनची शेरलॉक होम्सची मालिका (१९८४ ते १९९४) परवा भाच्याबरोबर पुन्हा पाहिली. भाचा ऑटिस्टिक. मराठीत ‘स्वमग्न’. जेरेमी ब्रेटचा होम्स आलेल्या अशिलाची विचारपूस सोडून त्याच्या कपड्यांवरून त्याची कुंडली मांडू लागला, तसा भाचा उद्गारला, “मामा, हा आमच्यातला!” हे वाक्य आजवर मी फक्त लग्न जुळवताना ऐकलं होतं.

कॉनन डॉइलच्या होम्सला १४० प्रकारच्या तंबाखूंची राख ओळखता येते. त्याला स्वमग्न कसं म्हणावं? फार तर राखमग्न! आमचा भाचा आवाजावरून पंख्याची कंपनी सांगतो. पण होम्सच्या राखेतून खुनी सापडतो, म्हणून तो अलौकिक. पंख्यातून वाऱ्याखेरीज काही निघत नाही, म्हणून भाचा ‘कधी सुधारणार?’ पडद्यावरच्या होम्सशी माझं भांडण आहे ते एवढंच. खून उकलल्याशिवाय माणसाला तऱ्हेवाईक असायची मुभाच नाही!

मी हे भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, “मला वॉटसन जास्त आवडतो. तो ‘जरा लोकांत मिसळ’ म्हणत नाही.”

हे वाक्य माझं. आठवड्यातून दोनदा तरी मी ते म्हणतो. मी जीभ चावली, छताकडे बोट केलं आणि विचारलं, “हा कुठला रे?”