चतुरचं काय चुकलं?

आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दहा वर्षांच्या गेट-टुगेदरची तारीख ठरत होती, तेव्हा कुणीतरी ‘थ्री इडियट्स’चं मीम टाकलं. कॉलेजच्या टाकीवर उभा राहून दोस्तांची वाट बघणारा चतुर. अठ्ठावन्न जणांच्या ग्रुपात हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, त्यात माझाही एक. रात्री सिनेमा पुन्हा लावला. आणि या वेळी मला चतुरची बाजू पटायला लागली.

२००९च्या डिसेंबरात सिनेमा आला तेव्हा मी अकरावीत होतो. इंजिनिअरिंगला जायचं ठरलेलं होतं, म्हणजे घरच्यांनी ठरवलेलं होतं. तेव्हा तो शिक्षणपद्धतीबद्दलचा सिनेमा वाटला होता. आता वाटतं, तो ‘कोण कुठे पोचला’ याबद्दलचा सिनेमा आहे. सुरुवातच बघा ना. फरहान उडालेलं विमान खाली उतरवतो, राजू पँट घालायची विसरून धावत सुटतो. कशासाठी, तर एक वर्गमित्र सध्या काय करतो ते कळावं म्हणून. आणि चतुर? त्याने दहा वर्षांपूर्वी पैज लावलेली असते. पाच सप्टेंबर ही तारीख त्याने जपलेली असते. तो घराचा फोटो दाखवतो, गाडी दाखवतो, स्विमिंग पूल दाखवतो. आपण हसतो, कारण तो हे उघडपणे करतो. बाकीचे आपण लिंक्डइनवर ‘हम्बल्ड अँड ग्रेटफुल’ लिहून करतो.

खरी गोम शेवटी आहे. लडाखमध्ये रँचो सापडतो, लहान मुलांच्या शाळेत शिकवत असलेला. चतुर खूश होतो, पराभव मान्य केल्याच्या कागदावर त्याची सही मागतो. सिनेमा इथे संपला असता तर? एक माणूस स्वतःच्या कामात मजेत आहे आणि दुसरा ‘मी जिंकलो’ असं समजून अमेरिकेला परत चाललाय. प्रेक्षक अस्वस्थ होऊन घरी गेला असता. पण राजकुमार हिरानींची हिंमत इथे संपते. फोन वाजतो आणि कळतं की ज्या फुनसुख वांगडूच्या सहीसाठी चतुर वणवण फिरतोय, तो हाच. चारशे पेटंटवाला. चतुर शरण येतो, थिएटरात टाळ्या पडतात. मीही वाजवल्या होत्या. पण रँचो जिंकला तो कुणाच्या मापाने? चतुरच्याच! अडीच तास ज्या फूटपट्टीची टिंगल केली, शेवटी तीच लावून नायक उंच ठरवला. मग चतुरचं नक्की काय चुकलं, एवढंच ना की त्याची पेटंटं कमी पडली?

आणि जॉय लोबो? त्याच कॉलेजातला, मुदतवाढ न मिळालेला, गळफास घेतलेला. त्याचं मरण बाकीच्यांना शहाणं करण्यापुरतं येतं. दहा वर्षांनंतरच्या त्या लांबलचक प्रवासात गाडीत कुणी त्याचं नावसुद्धा काढत नाही.

‘छिछोरे’ (२०१९) याबाबतीत थोडा बरा. नितेश तिवारी स्वतः आयआयटी मुंबईचे, त्यामुळे हॉस्टेलची भाषा अस्सल आहे. पोटं सुटलेले पुरुष हॉस्पिटलात भेटताच जुन्या टोपणनावांवर येतात ते तर फारच खरं. शिवाय ते शेवटी स्पर्धा हरतात. पण आयसीयूतल्या पोराला ‘आम्हीही लूझर होतो’ असं सांगणारे आज सगळे नीट स्थिरावलेले आहेत. पुढे जिंकलेल्याने हरण्याचं कौतुक सांगणं सोपं असतं. त्या सहाजणांत एखादा अजूनही हरतच असता, भाडं थकलेला, तर त्याने पलंगाशी बसून काय सांगितलं असतं? तो सिनेमा मला बघायचाय.

तसं काहीसं मराठीत १९६३ सालीच झालंय. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो, हॉस्टेल-मेस-मित्रांत पैसे उडवतो, नापास होतो, गावी परततो. गोष्ट पोचलेले सांगत नाहीत, परतलेला सांगतो. त्याला शोधत कुणी गाडी घेऊन सांगवीला येत नाही. आणि नेमाडे त्याला शेवटी कुठला फोनही आणून देत नाहीत. परतायला त्याच्यामागे वडिलांचं घर होतं हे खरं, तेवढी सोय सगळ्यांना नसते. तरीही गेट-टुगेदरला न आलेल्याच्या बाजूने लिहिलेलं इतकं प्रामाणिक दुसरं काही मी वाचलेलं नाही.

हे सगळं मी इतकं तावातावाने का लिहितोय ते सांगतो. माझ्या रूममेटला सेकंड इयरला वायडी लागली. आम्ही पुढे गेलो, तो एक वर्ष मागे राहिला. माझ्या निम्म्या ड्रॉइंग शीट त्याच्या मूळ शीटवरून जीटी मारलेल्या होत्या, आणि वायडी त्याला लागली. २०१८मध्ये ग्रुपवर कुणाच्या तरी प्रमोशनचा केक चालू असताना तो निघून गेला. ‘लेफ्ट’ची ती करडी ओळ दोन मिनिटांत अभिनंदनांखाली गेली. कुणी काही विचारलं नाही. मी लिंक्डइनवर त्याला शोधलं. शोधण्याआधी प्रायव्हेट मोड चालू केला, म्हणजे मी बघून गेलो हे त्याला कळू नये. शेवटची नोंद २०१६ची, ट्रेनी इंजिनिअर.

चतुरने निदान फोन तरी केला होता.

काल ग्रुपवर यादी फिरली. त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह आहे आणि खाली लिहिलंय, ‘नंबर कुणाकडे आहे का?’ माझ्याकडे आहे. ट्रूकॉलरवर त्याच्या नावाला आता ‘कृषी सेवा केंद्र’ असं जोडलेलं दिसतं. यादीत नंबर टाकायच्या आधी त्याला विचारायला हवं, म्हणून दुपारी फोन लावला. दोन रिंग झाल्या आणि मीच कट केला. आता तिकडे मिस्ड कॉल दिसत असेल.